डोक्यातला धवला

भिवंडीच्या नारपोलीत अनंता भोईरच्या मुलीच्या लग्नाचा मांडव पडला, त्या दुपारी पार्वतीबाय पाटापुढं बसून धवला म्हणत होती. मागं पाच-सहा बाया ओळ उचलायला बसल्या होत्या. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो मागाहून. आधी धवलारीण लागते. ती देवांना गाऊन बोलावते, घरातल्या गेलेल्या माणसांना गाऊन बोलावते, हळद, तांदूळ, पाणी, मांडवाची मेढ, एकेकाला जागं करते, आणि यातलं कुठंच काही लिहिलेलं नसतं. पार्वतीबायचं हे बत्तिसावं वर्ष. मांडवाला लागून पॉवरलूमची शेड होती, तिची खटखट चालू होती, आणि ती कुणाच्या कानातही शिरत नव्हती. आंब्याच्या डहाळीची ओळ म्हणून झाली, बायांनी ती उचलली, आणि पुढची ओळ आली नाही.

विसरणं म्हणजे काय ते पार्वतीबायला ठाऊक होतं. विसरलेल्या शब्दाची जागा तरी जाणवते. दात पडल्यावर जीभ तिथंच जाऊन बसते तशी. इथं जागाच नव्हती. तोंड उघडं होतं, छातीत श्वास भरलेला होता, समोर पाटावरचे तांदूळ एकेक दाणा वेगळा दिसावा इतके स्वच्छ दिसत होते, आणि त्यांना काय म्हणतात ते जगात कुणीच ठरवलेलं नसावं असं वाटत होतं. बायांना वाटलं, ती ओळ घोळवते आहे. त्यांनी डहाळीची ओळ पुन्हा म्हटली, मग पुन्हा, मग चौथ्यांदा. मग ओळ आली, आपण कुठं गेलोच नव्हतो अशी. जेवताना मागं म्हणणाऱ्यांतली गोदू म्हणाली की आज डहाळी छान घोळवलीस. पार्वतीबायनं घाबरायला हवं होतं, पण त्याआधी तिला एक गोष्ट कळायला हवी होती. तेवढ्या वेळात ती ओळ कुठं होती? ती नव्हती म्हणावं तर परत कुठून आली?

लहानपणापासूनच तिचा हा स्वभाव होता. तिचं माहेर काल्हेरचं, खाडीला लागून. ओहोटीला सगळ्या पोरी निवट्या मासे धरायला चिखलात उतरत. पार्वती खेकड्याच्या बिळात कोपरापर्यंत हात घालून बसायची. खेकडा मिळावा म्हणून नव्हे, बीळ कुठवर जातं ते बघायला. आत धोंडूबाई काठावरून ओरडायची. आत म्हणजे बापाची बहीण, बालविधवा, सगळ्या पंचक्रोशीची धवलारीण. तिनंच पार्वतीला धवले दिले. समोर बसवून शिकवलं असं कधी झालं नाही. मिठागरावर, चिखलात, भात लावताना धोंडूबाई पुढं म्हणत जायची आणि पोरीनं मागं म्हणायचं. एकदा पार्वतीनं विचारलं होतं की आते, एवढी सगळी गाणी ठेवतेस कुठं? धोंडूबाईनं चिखलाचा हात आधी पोटावर ठेवला, मग गळ्यावर, आणि मग वैतागून म्हणाली होती, माना काय म्हाईत.

नारपोलीच्या मांडवानंतर पार्वतीबाय स्वतःवर नजर ठेवून राहू लागली. भाकरी थापताना मनात परातीचं नाव घ्यायची, मिठाचं, विस्तवाचं. सगळी नावं जागेवर असायची. मग एक दिवस ती करिष्माबरोबर धामणकर नाक्यावर बांगड्या भरायला गेली. करिष्मा धाकटी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. दुकानदारानं विचारलं, "बोलो मौसी, क्या दूं?" आणि पार्वतीबाय समोरच्या हिरव्या गोल वस्तूंकडं बघत उभी राहिली. त्या कशाला लागतात, हात कसा दाबून धरतात, फुटल्या तर कुठं टाकतात, सगळं कळत होतं. ओठाचा उजवा कोपरा आपोआप खालीवर उडायला लागला. तिला तेही कळत होतं आणि त्याचं नवलच वाटत होतं. आपल्याच तोंडाचा एक तुकडा आपल्याला न विचारता काहीतरी बोलतो आहे, असं. करिष्मानं तिला रिक्षात घातलं. कामतघरपर्यंत पोरीनं आईचा हात सोडला नाही, आणि घर दिसायला लागलं तेव्हा पार्वतीबाय म्हणाली, "बांगऱ्या." करिष्मा रडायला लागली.

ठाण्याच्या डॉक्टरांनी हे झटके आहेत म्हणून गोळ्या दिल्या आणि डोक्याचा एमआरआय काढायला लावला. फिल्म आली तेव्हा त्यांनी आधी चांगदेवला आणि थोरल्या हितेशला आत घेतलं. पार्वतीबायला बाहेर बाकावर बसवलं. चांगदेव, तिचा नवरा, अबोल माणूस. भातखाचरांवर शेड बांधून लूमवाल्यांना दिल्या तेव्हापासून आणखी अबोल झालेला. तो बाहेर आला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभा राहिला. पार्वतीबाय उठली, दार ढकलून आत गेली आणि डॉक्टरांना म्हणाली, "माजाच डोका हाय ना त्यो? मंग माना दाखवा."

डॉक्टरांनी फिल्म पुन्हा दिव्याच्या पेटीवर लावली. रताळ्याच्या चकत्या कराव्यात तसं तिचं डोकं ओळीनं मांडलेलं होतं, वरून खाली. एका चकतीत दोन गोळे दिसत होते आणि प्रत्येकाला मागं शेपूट होतं. ते काय, असं तिनं विचारलं. डोळे, डॉक्टर म्हणाले. तिला हसूच आलं. बावन्न वर्षं ज्यांनी बघितलं त्यांना शेपूट आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी पेनाच्या टोकानं डावीकडचा पांढुरका डाग दाखवला. त्याला धड कड नव्हती. ओल्या भिंतीला ओल चढावी तसा तो कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो ते कळत नव्हतं. गाठ आहे, ते म्हणाले, सावकाश वाढणारी वाटते, पण बोलण्याच्या जागेला लागून आहे. पार्वतीबाय पुढं वाकून बघत राहिली. आपली गाणी या चित्रात कुठंतरी असणार, असा विचार तिच्या मनात त्याच वेळी आला. तो गाठीच्या विचारापेक्षा मोठा होता, आणि याची तिला थोडी लाज वाटली.

मुंबईच्या इस्पितळात डॉ. माधव वर्तक म्हणून मेंदूचे सर्जन होते. सावकाश बोलणारे, आणि बोलताना पेशंटकडंच बघणारे. त्यांनी सांगितलं की ऑपरेशन जागेपणी करायचं. वरची कातडी बधिर करतात, मेंदूला स्वतःला दुखत नाही. ते जरा जरा जागा तपासत जाणार आणि ती बोलत राहणार. जिथं बोलणं अडेल तिथं हात लावायचा नाही. हितेश उठून पाणी प्यायला गेला. चांगदेवनं हात जोडले आणि म्हणाला, काय असेल ते काढून टाका. पार्वतीबायनं विचारलं, जागी असले तर मला बघायला मिळेल का? वर्तकांनी तिच्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, बघू या, एक पडदा तुमच्याकडं वळवता येईल.

त्याआधी आठवडाभर तिला सुचेताच्या हवाली केलं. सुचेता बोलण्याची तपासणी करणारी, पस्तिशीची, कपाळाला बारीक टिकली. ती निघाली भिवंडीचीच. बाजारपेठेत तिच्या वडिलांचं घर, वडील शाळेत मास्तर. पण धवला तिनं जन्मात ऐकलेला नव्हता, आणि हे सांगताना ती ओशाळली. तिच्याकडं चित्रांचे पत्ते होते. एकेक चित्र दाखवायची, पार्वतीबायनं नाव सांगायचं. ऑपरेशनच्या वेळी हेच पत्ते वापरायचे, म्हणून कोणते शब्द तिला न चुकता येतात ते आधी पक्कं करायचं होतं. पहिलाच पत्ता माशाचा. पार्वतीबायनं पत्ता हातात घेऊन शेपटी बघितली, पर बघितले आणि म्हणाली, बोईट. सुचेतानं फुली मारली. तिला मासा हवा होता. दुसऱ्या पत्त्यावर होडी होती, ती होरी झाली. तिसऱ्यावर बर्फाचं गोल घर होतं, ते कुणा परक्या देशातल्या पत्त्यांवरून उतरवलेलं. पार्वतीबायनं त्याला उलटा ठेवलेला टोप म्हटलं. कंगव्याला ती फनी म्हणाली. फुल्या वाढत गेल्या. करिष्मा मध्ये पडली आणि तिनं एकेक शब्द सुचेताला समजावून दिला. मग सुचेतानं बर्फाचं घर फाडून टोपलीत टाकलं, फुल्या खोडल्या आणि नवी वही काढली. "मावशी, तुमचा जो शब्द तोच बरोबर," ती म्हणाली. "मी शिकते."

एकदा तिनं यजमानांचं नाव विचारलं. पार्वतीबायनं मान वळवून खिडकीकडं पाहिलं. पुन्हा विचारलं, तर हसली आणि पदर सारखा केला. सुचेतानं गंभीर चेहऱ्यानं वहीत काहीतरी लिहिलं. ते करिष्मानं वाचलं आणि तिचं हसू आवरेना. नाव आठवत नाही असं लिहिलेलं होतं. नवऱ्याचं नाव बायको घेत नाही, हे सुचेताच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. बाहेर बाकावर चांगदेव बसला होता. आपलं नाव घेतलं न गेल्यामुळं आत एवढं हसू चालू आहे, हे त्याला कळलंच नाही.

मग मशीनमध्ये जाणं आलं. आधीच्या फिल्मनं डोकं कसं आहे ते दिसलं होतं. आता ते काम करताना कसं दिसतं ते बघायचं होतं. भिवंडीहून येणारा प्रत्येकजण म्हणतो की त्या मशीनचा आवाज लूमसारखा येतो. पार्वतीबायला तसं वाटलं नाही. लूम एक असला तरी त्याची धाव उणीअधिक होते, धागा तुटतो, माणूस शिवी देतो, पुन्हा सुरू होतं. हा आवाज कशालाच अडत नव्हता. डोळ्यांपुढच्या आरशात चित्रं येत होती आणि तिनं त्यांची नावं मनात म्हणायची होती, ओठ न हलवता. मनात म्हणायचं तर ते कुणाच्या आवाजात म्हणायचं, हा प्रश्न तिला तिथं पहिल्यांदा पडला. तिनं लक्ष देऊन ऐकलं. होरी, फनी, कोयता. आवाज तिचाच होता, पण तरुण. लग्न होऊन कामतघरला आली तेव्हाचा असावा. इतकी वर्षं हा आवाज आत राहत होता, आणि म्हातारा झाला नव्हता.

संध्याकाळी सुचेतानं कॉम्प्युटरवर चित्र दाखवलं. करड्या डोक्यावर केशरी-पिवळे डाग उमटलेले, त्यातला एक गाठीच्या अगदी मागच्या अंगाला. हे तुमचे शब्द, सुचेता म्हणाली. वर्तक शेजारी उभे होते. त्यांनी लगेच सावरून घेतलं. शब्द नव्हेत, ते म्हणाले, रक्त. तुम्ही नाव आठवलंत तेव्हा ज्या भागाला जास्त रक्त लागलं तो भाग यंत्रानं रंगवला आहे. यावर सगळा भरवसा ठेवता येत नाही, खरं काय ते ऑपरेशनच्या टेबलावर कळेल. पार्वतीबायला हे आवडलं. रगत जिथं जातं तिथं कायतरी हाय, एवढं तिनं धरून ठेवलं. मग विचारलं, "आनि गाना?"

गाण्याची तपासणी ठरलेली नव्हती. पण सुचेतालाही आता चैन पडेना. दुसऱ्या दिवशी पार्वतीबाय पुन्हा मशीनमध्ये गेली आणि तिनं मनातल्या मनात पाण्याचा धवला म्हटला. नवऱ्या मुलीसाठी पाणी कोण आणतं, कुठल्या वाटेनं आणतं, त्याचा तो धवला. डावीकडं गाठीच्या खालच्या कडेला एक डाग उमटला आणि एक अगदी फिका उजवीकडं. म्हणजे गाणं शब्दांच्या शेजारी होतं, पण शब्दांत नव्हतं. पार्वतीबायनं पडद्यावर बोट ठेवलं. धोंडूबाईनं पोटावर हात ठेवला होता, गळ्यावर ठेवला होता. चिखलात उभ्या त्या आतेला आज हे दाखवायला हवं होतं, असं तिला फार वाटलं. सुचेतानं तो धवला पूर्ण म्हणायला लावला आणि वहीत उतरवून घेतला, टेबलावर ओळ चुकली तर कळावं म्हणून. पार्वतीबाय तिच्या पेनाकडं बघत राहिली. पाण्याचा धवला कागदावर पहिल्यांदाच उतरत होता, आणि उतरायला पाऊण पान पुरलं.

वर्तकांनी तिला एकटीला बसवून विचारलं. नावं सांभाळायची हे ठरलेलंच आहे. पण गाण्याची जागा आणि गाठ एकमेकांत मिसळलेली असली, तर काय करू? गाठ जितकी जास्त निघेल तितकी पुढची वर्षं जास्त. पार्वतीबायनं विचार केला. करिष्माला धवले येत नव्हते आणि तिनं ते शिकावेत असं पार्वतीबायनंही कधी म्हटलं नव्हतं. आता लग्नात बेंजो असतो, मोठाले स्पीकर असतात. धवलारणीला उरकायला सांगतात. "बोलता आला पायजे," ती म्हणाली. "गाना गेला तरी चालंल." हे तिनं मनापासून सांगितलं होतं, आणि त्याबद्दल तिला नंतरही कधी खोटं वाटलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डोक्यावर ठिकठिकाणी मधोमध भोक असलेल्या चकत्या चिकटवल्या आणि तशा अवस्थेत नवा एमआरआय काढला. सकाळी टेबलावर वर्तकांनी टोकदार दांडीनं एकेका चकतीला स्पर्श केला. वर दोन डोळ्यांचा कॅमेरा टांगलेला होता. त्याला दांडी दिसत होती, आणि कॉम्प्युटर खऱ्या डोक्याचा आणि चित्रातल्या डोक्याचा मेळ बसवत होता. मग गुंगी आली. ती उतरली तेव्हा डोकं चापात गच्च बसलेलं होतं, वर हिरव्या कापडाचा मांडव होता आणि त्या मांडवाखाली सुचेता खुर्चीवर बसली होती, हातात पत्ते, मांडीवर वही. कुठं दुखत नव्हतं. कापडापलीकडं हलके आवाज येत होते, भांडी घासून झाल्यावर पालथी घालताना येतात तसे. सुचेतानं कबूल केल्याप्रमाणं एक छोटा पडदा वळवून दिला. त्यावर तिचं डोकं तीन बाजूंनी कापून ठेवलेलं होतं, आणि दोन रेषा एकमेकींना छेदत होत्या. रेषा हलत होत्या. वर्तकांची दांडी जिथं टेकत होती तिथं त्या येऊन थांबत. माणूस आपल्या डोक्यात आणि आपण त्याला बाहेरून बघतो आहोत. पार्वतीबायनं हे दोनदा मनात म्हणून पाहिलं, तरी ते जागेवर बसेना.

सुचेता पत्ते दाखवू लागली. वर्तक एकेका जागी हलकासा विजेचा स्पर्श करत होते. कोयता. फनी. बोईट. मग एका पत्त्याला तोंड उघडं राहिलं. समोर होडी होती, पाण्यावर होती, तिला वल्हं होतं. "थांबल्या," सुचेता म्हणाली. स्पर्श सुटला आणि होरी हा शब्द बाहेर आला, थोडा मोठ्यानंच. त्याच जागी तीनदा करून बघितलं, तीनदा होडी गेली आणि तीनदा आली. तिथं त्यांनी आकडा लिहिलेला कागदाचा कपटा ठेवला. असे तीन कपटे झाले. मग गाठ काढायला सुरुवात झाली.

बऱ्याच वेळानं वर्तकांचा आवाज आला. ते आपल्या मदतनिसाशी बोलत होते, की आता पडद्यावर विसंबू नका, चित्र कालचं आहे. पार्वतीबायनं विचारलं, म्हणजे काय? सुचेतानं तिचा प्रश्न कापडापलीकडं पोचवला. वर्तक काम थांबवून बोलले. त्यांनी सांगितलं की कवटी उघडली, थोडं पाणी वाहून गेलं, गाठीचा भाग निघाला, त्यामुळं मेंदू दोन-चार मिलिमीटर खाली बसला. यंत्राला ते कळत नाही, ते काल होता तसाच दाखवतं. मग त्यांनी सोनोग्राफीची छोटी दांडी मेंदूवर टेकवली. पोटातलं मूल जिनं बघतात तीच, फक्त बारीक. पडद्यावर नवीन चित्र आलं, करडं, धुरकट, ओहोटीच्या चिखलासारखं, पण ते आत्ताचं होतं. ते नाडीबरोबर हलत होतं. पार्वतीबायनं आपल्या छातीतले ठोके मोजून पाहिले; जुळत होते. काठाकाठानं अजून उजळ भाग उरलेला दिसत होता, खालच्या अंगाला, नखाएवढा.

"आता गाणं म्हणा," सुचेता म्हणाली. "हळू, गुणगुणत."

पार्वतीबायनं पाण्याचा धवला धरला. कापडाखाली आवाज फार जवळून येत होता. दोन ओळी झाल्या. तिसरीला, पाणी आणायला बहीण निघते तिथं, शब्द गेले. चाल राहिली. ती ना ना ना करत पुढं गेली आणि तिला स्वतःचंच ऐकून नवल वाटलं. नारपोलीला जागाच नव्हती. इथं सगळं होतं. बहीण चालली होती, घडा कमरेवर होता, वाटेवरचा चिखल दिसत होता, फक्त त्या बाईला तोंड नव्हतं. स्पर्श सुटला, शब्द परत आले. सुचेतानं लगेच पत्ता दाखवला आणि पुन्हा स्पर्श झाला. फनी, पार्वतीबाय म्हणाली, बिनचूक. नावं होती. गाणंच तेवढं जात होतं. ठरल्याप्रमाणं वर्तक ही जागा काढू शकत होते.

"फिरून लावा तिथं," पार्वतीबाय म्हणाली.

त्यांनी लावलं. ती पुन्हा त्या बाईपर्यंत गेली, पुन्हा तिचं तोंड मिटलेलं. तिसऱ्यांदा पार्वतीबाय घाई न करता तिच्याबरोबर चालली. ही बहीण कोण, कुठली, हे बत्तीस वर्षांत तिनं कधी विचारलं नव्हतं. शब्द पुढं असले की मागची बाई दिसत नाही. ही जागा काढली तर ती अशीच चालत राहील, मिटल्या तोंडानं, आणि आपल्याला ती रोज दिसेल. मरणाची भीती तिला वाटली नाही असं नाही. ती होतीच, औषधाच्या वासात मिसळलेली. पण हे तिच्याहून पुढं उभं होतं.

"ता राहू दे," ती म्हणाली.

सुचेतानं वाकून तिच्याकडं पाहिलं आणि मग ते कापडापलीकडं सांगितलं. वर्तकांनी विचारलं, नक्की ना, कारण जेवढं राहील तेवढं पुन्हा वाढू शकतं.

"वाढला तर तवा बघू."

त्यांनी तिथं चौथा कपटा ठेवला आणि हात काढून घेतला.

पुढचे पंधरा दिवस वाईट गेले. डोकं सुजलं, शब्द एकेक करून जिन्यावरून उतरल्यासारखे यायचे. बाहेर बाकावर बसून चांगदेव नर्सना पुन्हा पुन्हा विचारायचा, असंच राहणार का? करिष्मानं तिला काही न विचारता ती जागा का ठेवली ते सुचेताकडून ऐकलं आणि दोन दिवस आईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "गानी माना नकोत आय, तू पायजेस." रिक्षात पोरीनं धरला होता तसा पार्वतीबायनं तिचा हात धरून ठेवला. पण शब्द परतले. तपासणीत गाठ सावकाश वाढणारीच निघाली. दिवाळीनंतर पार्वतीबाय पुन्हा मांडवात बसायला लागली, टाळूवर पदर घट्ट ओढून. दर सहा महिन्यांनी फिल्म काढायची, वर्तक जुनी आणि नवी शेजारी लावायचे, आणि ती दोन्हींच्या पुढं उभी राहून नखाएवढ्या उजळ कडेकडं बघायची. ती तशीच असायची. दोन हजार चार गेलं, पाच गेलं. करिष्माचं लग्न झालं, हितेशला मुलगा झाला.

दोन हजार आठच्या एप्रिलमध्ये कड जाड झालेली दिसली. वर्तकांनी पट्टीनं मोजली आणि सांगितलं की आता थांबणं बरं नाही. पार्वतीबायनं विचारलं, काढली तर गाना जाईल? ते म्हणाले, चार वर्षांपूर्वी मी हो म्हटलं असतं. आज पुन्हा बघितल्याशिवाय बोलत नाही. पुन्हा मशीन, पुन्हा मनातल्या मनात पाण्याचा धवला. संध्याकाळी कॉम्प्युटरवर जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी आलं आणि सुचेता खुर्चीतून उठून उभी राहिली. जुन्या जागी रंग नव्हता. तो बोटभर मागं गेला होता, कोऱ्या भागात, आणि उजवीकडचा फिका डाग आता ठळक होता.

"सरकलं," वर्तक म्हणाले, आणि लगेच स्वतःला आवरून, "रक्त सरकलंय, असं म्हणू. कधी कधी मेंदू असं करतो. गाठ सावकाश वाढत असली तर त्याला वेळ मिळतो. पण टेबलावर बघू."

पार्वतीबाय तिथून हलेना. कवा सरकला, तिनं विचारलं. ते सांगता येणार नाही, थोडं थोडं करत सरकलं असेल. मग मला कसं कळलं नाही? घरी येताना गाडीत ती दिवस चाचपत राहिली. सुकट भाजताना सरकलं असेल, नाहीतर नातवाला पाय पसरून न्हाऊ घालताना. करिष्माच्या पाठवणीला सगळ्या रडत होत्या आणि तिला स्वतःला रडू काही केल्या येत नव्हतं, तेव्हा. किंवा मांडवात, बायांसमोर, गाता गाताच. आवाज इथं चालू आणि आतमध्ये कुणीतरी घर बदलतं आहे, भांडंही न वाजवता. तिला आपल्या डोक्याचं पहिल्यांदाच कौतुक वाटलं, न सांगता शहाण्या झालेल्या मुलाचं वाटावं तसं.

दुसरं ऑपरेशन जूनमध्ये झालं. तोच हिरवा मांडव, तीच सुचेता, केसांत पांढरी बट आलेली, आणि मांडीवर तीच वही. वर्तकांनी जुन्या चौथ्या जागेवर स्पर्श केला. पार्वतीबाय गात होती. तिसरी ओळ आली, बाई घडा घेऊन निघाली, आणि शब्द गेले नाहीत. त्यांनी तीनदा स्पर्श केला. गाणं चालत राहिलं. "चालू ठेवा," वर्तक म्हणाले, आणि ती गात असताना त्यांनी ती कड उचलून काढली, सगळी. ती खरंच सगळी निघाली होती, हे पुढं पावसाळ्यात काढलेल्या फिल्मवर दिसलं. तिथं फक्त काळी पोकळी होती. पण त्या वेळी टेबलावर पार्वतीबायचं लक्ष तिकडं नव्हतं. गाताना तिला काहीतरी वेगळं लागलं होतं आणि ती किंचित हसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुचेता तिच्या खाटेजवळ आली. वही उघडून बसली आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली की इथं तुम्ही हसलात, आणि इथं वेगळं म्हणालात. मी चार वर्षांपूर्वी लिहिलंय, पाणी आणायला बहीण जाते. काल तुम्ही बहीण म्हणाला नाहीत.

"सेजारीन," पार्वतीबाय म्हणाली. शब्द सावकाश आला, पण आला.

सुचेतानं विचारलं, तसंही म्हणतात का? पार्वतीबायनं मान हलवली. धोंडूबाई बहीणच म्हणायची. तिची आत आणि तिच्या आतची सासू बहीणच म्हणायच्या. काल तिसऱ्या ओळीला तोंडातून शेजारीण आली, एक मात्रा जास्त होती, ती तिनं श्वासात बसवली. दुसऱ्या फेरीला मुद्दाम बहीण म्हणायला गेली तर पुन्हा शेजारीणच आली. चालणारी बाई तीच होती, घडा तोच, वाट तीच. घर बदलताना कुठंतरी तिची ओळख बदलली असेल.

"मग ही चूक धरायची का?" सुचेतानं विचारलं. तिचा पेन बहीण या शब्दावर येऊन थांबला होता. "खोडू?"

पार्वतीबाय त्या पाऊण पानाकडं बघत राहिली. खिडकीतून खालच्या रस्त्याचे हॉर्न येत होते. डोक्याच्या पट्टीखाली ठणकत होतं, एका लयीत.

"खोडू नको," ती म्हणाली. "खाली लिव."